पावसाळ्यात पुन्हापुन्हा पडणारी फायबर लिंक : एसएफपी बदलण्याआधी प्रकाश वाचा

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की दोन-तीन दिवसांत फोन ठरलेला. "साहेब, गोदामाचं नेट परत गेलं." कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याची नेटवर्क देखभाल माझ्याकडे आहे. मुख्य इमारत पुढे, गोदाम आणि वजनकाटा मागे, मधे सुमारे ६०० मीटर सिंगल मोड (लांब अंतरासाठीचं, बारीक गाभ्याचं) फायबर. दोन्ही टोकांच्या स्विचमध्ये १० जीचं (सेकंदाला १० गिगाबिट वेगाचं) एलआर मॉड्यूल. मॉड्यूल म्हणजे एसएफपी, स्विचमध्ये खोचायचा, प्रकाश पाठवणारा आणि घेणारा छोटा भाग; एलआर हा त्याचा सिंगल मोडसाठीचा प्रकार. लिंक पूर्ण मेली असती तर एकदाचं परवडलं असतं. ती ये-जा करायची. दोन मिनिटं आहे, वीस सेकंद नाही, परत आहे. वजनकाट्याची पावती निघेना, ट्रक रांगेत, आणि गोदामातली माणसं भर पावसात कागद घेऊन पुढच्या ऑफिसात धावतायत.

फोंड्याहून गाडी काढायची, तिथे पोचायचं, मॉड्यूल काढून दुसरं घालायचं. दिवा हिरवा. दहा-बारा दिवसांनी तोच फोन. असे तीन पावसाळे गेले. चवथीच्या सुट्टीतसुद्धा एकदा आरती सोडून जावं लागलं. ज्यांच्याकडे हाच प्रकार चालू आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय, कारण मूळ दोष सापडला तेव्हा तो मॉड्यूलमध्ये नव्हताच.

मॉड्यूल बदललं की लिंक येते, म्हणजे मॉड्यूल खराब होतं, असा हिशोब आपण सगळेच करतो. तो चुकतो कुठे ते पाहा. मॉड्यूल बदलताना पॅच कॉर्ड (त्याला लावलेली छोटी फायबर केबल) आधी काढावी लागते आणि मग परत खोचावी लागते. त्या काढ-घालीत फेरूलच्या (कनेक्टरमधल्या, काच धरणाऱ्या नळीच्या) टोकावरचा कचरा जरा सरकतो, कनेक्टर थोडा वेगळा बसतो, हलकासा बाक सुटतो. प्रकाशाला तेवढ्याने वाट मिळते आणि श्रेय नव्या मॉड्यूलला जातं. मूळ दोष जागच्या जागी राहतो, म्हणून तो परत येतो. आमच्या ड्रॉवरमध्ये "खराब" अशी चिठ्ठी लावलेली सात एलआर मॉड्यूल जमली होती. शेवटी एका रिकाम्या स्विचवर बसून प्रत्येकाला त्याचीच कॉर्ड फिरवून लावली, म्हणजे स्वतःचा टीएक्स (प्रकाश पाठवणारी बाजू) स्वतःच्याच आरएक्सला (घेणाऱ्या बाजूला), आणि रीडिंग घेतलं. सातातली पाच ठणठणीत निघाली. (ही चाचणी एलआरवर चालते. ४० किंवा ८० किलोमीटरच्या मॉड्यूलवर अशी थेट कॉर्ड फिरवू नका, मधे अ‍ॅटेन्युएटर हवाच, म्हणजे प्रकाश कमी करणारा जोड, नाहीतर रिसीव्हर जळू शकतो.)

हात लावण्याआधी वाचा

सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. कॉर्ड एकदा हलवली की पुरावा गेला. लिंक पडलेली असेल, मागून फोनवर फोन येत असतील, तरी पाच मिनिटं द्या आणि दोन्ही टोकांचं रीडिंग लिहून घ्या. सिस्को पद्धतीच्या स्विचवर कमांड आहे शो इंटरफेसेस ट्रान्सीव्हर डिटेल. ज्युनिपरवर शो इंटरफेसेस डायग्नॉस्टिक्स ऑप्टिक्स. लिनक्स सर्व्हरमध्येच कार्ड असेल तर ईथटूलला उणे एम हा पर्याय द्यायचा. तापमान, व्होल्टेज, लेझरचा करंट, टीएक्स पॉवर आणि आरएक्स पॉवर असे पाच आकडे मिळतात, आणि प्रत्येकाच्या शेजारी त्या मॉड्यूलच्या स्वतःच्या धोक्याच्या मर्यादा असतात. तांब्याच्या आरजे-४५ एसएफपीमध्ये प्रकाशच नसतो, त्यामुळे हे प्रकाशाचे आकडे तिथे शोधू नका.

दोष सापडला त्या दिवशी मी लिहून घेतलेले आकडे असे होते. डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. मुख्य इमारतीचा टीएक्स उणे २.४ डीबीएम, गोदामाचा आरएक्स उणे १३.९. उलट दिशेने गोदामाचा टीएक्स उणे २.६ आणि मुख्य इमारतीचा आरएक्स उणे ४.६.

आता नुसती वजाबाकी करा. गोदामाकडून येणाऱ्या प्रकाशात २ डीबी घट आहे. १३१० नॅनोमीटरला सिंगल मोड फायबर किलोमीटरमागे सुमारे ०.३५ डीबी खातं, म्हणजे ६०० मीटरला ०.२ च्या आसपास. दोन्ही टोकांचे मिळून चार कनेक्टर, प्रत्येकी अर्धा डीबी धरला तर आणखी २. हिशोब बरोबर जुळतो. पण गोदामाकडे जाणाऱ्या प्रकाशात घट आहे ११.५ डीबी. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो हे लक्षात घेतलं तर निघालेल्या प्रकाशाचा चौदावा हिस्सादेखील पोचत नव्हता. १०जी एलआरच्या रिसीव्हरची खालची मर्यादा उणे १४.४ डीबीएम. हातात उरला जेमतेम अर्धा डीबी. इतक्या काठावर लिंक उभी असेल तर ती ये-जा करणारच.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. एसएफपीच्या आतलं हे मोजमाप फार अचूक नसतं. एसएफएफ-८४७२ या एसएफपीच्या मोजमापाबद्दलच्या मानकात पॉवरच्या आकड्याला अधिक-उणे ३ डीबी एवढी मुभा आहे. म्हणून एका आकड्यावरून निकाल देऊ नका. दोन दिशांमधला फरक आणि त्याच मॉड्यूलचा गेल्या महिन्याचा आकडा, या दोन गोष्टींवर भरवसा ठेवा. एक दिशा साफ आणि दुसरीत १० डीबी गायब, एवढा फरक मोजमापाच्या चुकीत बसत नाही.

इंटरफेसचे काउंटरही त्याच वेळी पाहायचे. सीआरसी एरर म्हणजे वाटेत बिघडलेली फ्रेम (डेटाचा तुकडा); ज्या टोकाला फ्रेम येते तिथे ती मोजली जाते. गोदामाच्या पोर्टवर सीआरसी वाढत होती, मुख्य इमारतीत शून्य. म्हणजे दोष मुख्य इमारतीकडून गोदामाकडे जाणाऱ्या वाटेवर. बरेच जण ज्या स्विचवर एरर दिसते तो स्विच किंवा त्यातलं मॉड्यूल बदलतात. आधी क्लिअर काउंटर्स देऊन पंधरा मिनिटं थांबा आणि मग बघा, नाहीतर मागच्या वर्षीच्या एरर बघून आजचा निर्णय घ्याल.

मॉड्यूल की फायबर?

आकडे लिहून झाले की एक सोपी परीक्षा घ्यायची. दोन्ही टोकांना, एसएफपीजवळच, जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रकाशाच्या दोन तारांची अदलाबदल करायची. म्हणजे आधी पहिल्या तारेतून जाणारा प्रकाश आता दुसऱ्या तारेतून जाईल. अशक्त आरएक्स आता पलीकडच्या टोकाला दिसला तर दोष तारेत किंवा तिच्या कॉर्डमध्ये आहे. त्याच टोकाला राहिला तर एका मॉड्यूलचा टीएक्स किंवा दुसऱ्याचा आरएक्स दोषी. दोन्ही टोकांना अदलाबदल करायला विसरू नका. एकाच बाजूला केली तर टीएक्सला टीएक्स लागेल आणि लिंक मुळीच येणार नाही.

आमच्याकडे अशक्तपणा मुख्य इमारतीत आला. मॉड्यूल सुटली, तार अडकली.

एक गैरसमजही इथेच काढून टाकतो. लेझर चालू आहे का हे बघायला काही जण मोबाइलचा कॅमेरा एसएफपीसमोर धरतात. ८५० नॅनोमीटरच्या एसएक्स किंवा एसआर (कमी अंतराच्या) मॉड्यूलचा प्रकाश काही फोनमध्ये अंधुक जांभळट दिसतो. १३१० चा दिसत नाही, कारण मोबाइलच्या सेन्सरला ती तरंगलांबी पकडताच येत नाही. त्यावरून एलआर मेलं असं ठरवणं चूक. आणि उघड्या डोळ्याने तर त्या भोकात कधीही पाहू नका.

हिरवा प्लग, निळा अ‍ॅडॉप्टर

गोदामातला रॅक भिंतीला टांगलेला आहे. चिऱ्याची भिंत, वर पत्रे, खिडकीतून पावसाचे शिंतोडे. एलआययूचं, म्हणजे फायबरची टोकं बसवलेल्या पेटीचं, झाकण उघडलं, बॅटरी मारली. चार निळे एससी (चौकोनी प्लगचे) अ‍ॅडॉप्टर रांगेत, त्यातल्या दुसऱ्यात बसलेला प्लग मात्र हिरवा. बाकीच्या कॉर्ड पिवळ्या, जाड आणि दोन-दोनच्या जोडीतल्या, ही एकटीच आणि बारीक. गोदामाच्या इलेक्ट्रिशियनला विचारलं तर तो म्हणाला, "बाब, ती कॉर्ड उंदरानं खाल्लेली. केबलवाल्याकडून दुसरी आणून लावली. लाइट आला म्हणून ठेवली तशीच."

घरोघरी फायबर नेटसाठी (एफटीटीएच) जी कॉर्ड वापरतात तिचं एससी टोक हिरवं असतं. त्याला एपीसी म्हणतात आणि त्याच्या फेरूलचं तोंड ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं. एसएफपी आणि आपल्या एलआययूमधला निळा प्रकार यूपीसी, तोंड जवळजवळ सपाट. प्लग बाहेरून सारखाच, त्यामुळे तो निळ्या अ‍ॅडॉप्टरमध्ये व्यवस्थित बसतो, टक् असा आवाजही येतो. आत मात्र तिरकं तोंड सपाट तोंडाला टेकत नाही. मधे फट राहते. तिथे काही डीबी तर जातातच, शिवाय प्रकाश मागे परततो, आणि दाबामुळे काचेच्या टोकाला टवका पडू शकतो.

पावसाळ्याचं कोडं इथे सुटलं. उन्हाळ्यातही या लिंकचा बराचसा प्रकाश त्या फटीत वाया जात होता, पण उरलेल्यावर काम निभत होतं. पावसात दमट हवा, धूळ आणि पत्र्यावरून ठिबकणारा ओलावा त्याच फटीत साठला आणि शिल्लक होता तो अर्धा-एक डीबी संपला. नीट जुळलेल्या दोन कनेक्टरांमध्ये काचेला काच टेकलेली असते, तिथे ओलाव्याला सहजासहजी शिरकाव नसतो. म्हणून बाकीच्या तिन्ही तारा त्याच रॅकमध्ये, त्याच ओलाव्यात, वर्षानुवर्षं धडधाकट होत्या.

मुख्य इमारतीत ओलावा वेगळ्या वाटेने येत होता, तोही सांगतो. तिथे एसी आहे, रॅक २० अंशांवर. गोव्यात पावसाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू त्याच्या वर असतो. दार उघडं ठेवून कोणी काम करत बसलं की थंड एलआययूवर आणि बाहेर काढून ठेवलेल्या कनेक्टरवर दव बसतं. ते सुकतं तेव्हा धुळीचा पातळ थर मागे राहतो. काम करताना दार लोटून घ्या, आणि काढलेल्या प्रत्येक टोकाला त्याच क्षणी टोपी घाला.

स्वच्छता, नीट

सिंगल मोड फायबरचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. डोळ्याला लखलखीत दिसणारं टोक आतून मळलेलं असू शकतं, म्हणून शक्य असेल तर छोटा फायबर मायक्रोस्कोप जवळ ठेवा. ओढणाऱ्या दोऱ्याचे पेनासारखे क्लीनर मिळतात, एलसीला (एसएफपीत बसणाऱ्या छोट्या प्लगला) १.२५ मिलिमीटरचा, एससीला २.५ चा. आधी कोरडं पुसायचं, मग पाहायचं. डाग राहिला तरच ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लगेच कोरडं पुसणं. शर्टाचं टोक नको, बोट नको, तोंडाने फुंकर तर मुळीच नको, कारण फुंकरीत वाफ असते आणि आपण तिच्याशीच भांडतोय. कॉर्डचं टोक पुसलं आणि अ‍ॅडॉप्टरच्या पलीकडचं पिगटेलचं (मुख्य केबलला जोडलेल्या छोट्या फायबरचं) टोक तसंच सोडलं तर मळ परत लागतो. दोन्ही पुसायची.

आम्ही हिरव्या टोकाची कॉर्ड काढली, समोरचं पिगटेल मायक्रोस्कोपखाली धरलं. मधोमध डाग आणि कडेला बारीक ओरखडा. डाग गेला, ओरखडा गाभ्यापासून दूर होता म्हणून पिगटेल ठेवलं. नवी यूपीसी कॉर्ड घातली. गोदामाचा आरएक्स उणे १३.९ वरून उणे ५.१ वर आला. तेच जुनं मॉड्यूल, तोच पोर्ट.

याच कामात एका पुरवठादाराने सुचवलेला उपाय इथे मुद्दाम लिहितो, कारण तो वारंवार सुचवला जातो: "जास्त ताकदीचं, ८० किलोमीटरचं टाका, कटकट संपेल." ६०० मीटरच्या तारेवर ते टाकणं धोक्याचं. कनेक्टर मळलेला आहे तोवर चालेल, आणि ज्या दिवशी कोणी तो स्वच्छ पुसेल त्या दिवशी पलीकडच्या रिसीव्हरवर त्याला न झेपणारा प्रकाश पडेल.

पोर्ट बंद आणि स्विच रीबूट

लिंक फार वेगाने ये-जा करू लागली की सिस्को पद्धतीचा स्विच स्वतःच पोर्ट बंद करतो. मुळातलं सेटिंग असं की १० सेकंदांत ५ वेळा लिंक पडली तर पोर्ट एर-डिसेबल. मग प्रकाश कितीही चांगला आला तरी पोर्ट उठत नाही. आमच्याकडे अशा वेळी रात्रपाळीचा माणूस स्विचची वायर काढून परत लावायचा. पोर्ट उठायचा, आणि नोंदी मात्र पुसल्या जायच्या. स्विचचा लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवायची सोय नसेल तर रीबूटबरोबर सगळा इतिहास जातो.

शो इंटरफेसेस स्टेटस एर-डिसेबल्ड दिलं की कारण शेजारीच लिहिलेलं दिसतं. लिंक फ्लॅप असेल तर शट आणि नो शट करून पोर्ट उठवा, पण त्याआधी ट्रान्सीव्हरचं रीडिंग घ्या. लांबच्या जागेसाठी त्या कारणापुरतं एर-डिसेबल रिकव्हरी चालू करून ठेवणं मला योग्य वाटतं, वेळ मुळात ३०० सेकंदांची असते. चालू करा आणि लॉग बघत राहा. आपोआप उठणारा पोर्ट दोष झाकूनही ठेवतो.

कारण जीबीआयसी इनव्हॅलिड असं आलं तर प्रश्न वेगळा. स्विचने मॉड्यूलच्या आतली ओळख वाचली आणि ती त्याला मान्य नाही. फर्मवेअर बदलल्यानंतर काल चालणारं मॉड्यूल आज नाकारलं जाऊ शकतं. बाहेरची मॉड्यूल चालू देण्यासाठी सर्व्हिस अनसपोर्टेड-ट्रान्सीव्हर ही कमांड आहे, मात्र मग तक्रार करताना उत्पादक हात वर करू शकतो हे मालकाला आधी सांगा. माझ्या मते योग्य कोडिंग केलेलं मॉड्यूल मागवणं बरं. अपग्रेडच्या आधी शो इन्व्हेंटरीचं उत्तर जपून ठेवलं तर कुठल्या पोर्टात काय होतं हे नंतर शोधावं लागत नाही.

याखेरीज भेटणारे काही दोष थोडक्यात. १जीच्या फायबरवर एका टोकाला निगोशिएशन (दोन टोकांनी आपसात सेटिंग ठरवणं) बंद आणि दुसऱ्याला चालू असेल तर एक टोक वर आणि दुसरं खाली दिसतं, प्रकाश दोन्हीकडे उत्तम. दोन्हीकडे सारखं करा. एका तारेवर चालणारी बायडाय मॉड्यूल जोडीनेच लागतात, एकीकडे १३१० पाठवणारं तर दुसरीकडे १४९० पाठवणारं. दोन्ही एकसारखी घेतली तर लिंक कधीच येणार नाही. १०जीचं मॉड्यूल १जीच्या पोर्टात बसेल, चालणार नाही. केशरी किंवा फिक्या निळ्या रंगाची कॉर्ड म्हणजे मल्टी मोड (कमी अंतरासाठीचं, जाड गाभ्याचं फायबर), ती पिवळ्या सिंगल मोडच्या वाटेत घुसवू नका. आणि पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात मॉड्यूलचं तापमान पाहत जा. साध्या मॉड्यूलची मर्यादा ७० अंश असते, आमच्या गोदामात ते ६४ पर्यंत चढलं होतं. रॅकचा बंद पडलेला पंखा बदलल्यावर ५५ वर आलं.

आता रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय. तारीख, पोर्ट, दोन्हीकडचा टीएक्स आणि आरएक्स, तापमान, सही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी गोदामाचा इलेक्ट्रिशियनच तो भरतो, मी फोनवरून माझ्या टोकाचे आकडे सांगतो. घट आधीच्या महिन्यापेक्षा २ डीबीने वाढली तर लिंक चालू असली तरी मी जाऊन कनेक्टर उघडतो. एलआययूच्या झाकणावर मार्करने लिहिलंय, "फक्त निळा प्लग", आणि तीन यूपीसी कॉर्ड झिप पिशवीत तिथेच टांगलेल्या आहेत, म्हणजे उंदराने पुन्हा कुरतडली तर कोणाला केबलवाल्याकडे जावं लागू नये. यंदा मृग, आर्द्रा, पुनर्वसू तिन्ही बरसून गेली. जुलैच्या रकान्यात गोदामाचा आरएक्स उणे ५.३ आहे.